पाहणीसाठी सारवलेली जागा

आमचं घर आम्हीच पाडलं. हे आधीच सांगून टाकते, कारण आजही कोणी भेटलं की विचारतं, "काय वो, पुरात पडलं का?" पुरात नाही पडलं, आणि कोण्या साहेबानं मशीन पाठवून पण नाही पाडलं. आम्ही आमच्या हातानं, मुहूर्त पाहून, नारळ फोडून पाडलं. आणि पाडल्यावर ती जागा इतकी साफ करून ठेवली, की इथे कधी घर होतं हे सांगायला विटेचा तुकडा उरला नाही. याचा राग मला अजून येतो. नेमका कोणावर येतो ते ठरत नाही, म्हणून सगळ्यांवरच येतो.

गाव आमचं भंडारा जिल्ह्यातलं, तालुक्याचं, वैनगंगेच्या काठावरचं. घर नदीकडच्या वस्तीत. पुढे ओसरी, मग माजघर, मग स्वयंपाकघर आणि मागे सांदवाडी, म्हणजे परसाचं अंगण, त्यात एक शेवग्याचं झाड. मातीच्या जाड भिंती, वर कवेलू, म्हणजे कौलं. नवरा तुमसरला राइस मिलमध्ये कामाला, आठवड्यातून एकदा घरी येणार. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. लेकरूबाळ आम्हाला झालं नाही. घरात मी आणि माझी सासू, दोघीच. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. तोंडावर 'तुम्ही' आणि पाठीमागे 'ती', सगळ्या सुना करतात तसं मी पण करते. दिवसभर ती तिकडे तांदूळ निवडत बसायची, मी इकडे शिलाई मशीनवर, आणि मध्ये भांडण. भाजीतलं मीठ, माझं उशिरा उठणं, तिचं मोठ्या आवाजात टीव्ही लावणं, विषयांना तोटा नव्हता. पण दुपारचा चहा ती माझ्याशिवाय कधी प्यायली नाही.

काही वर्षांमागे नदीचं पाणी वस्तीत शिरलं. वाहून नेण्यासारखं नव्हतं, नुसतं येऊन बसलं, आणि आमच्या भिंती पाण्यात उभ्या राहिल्या. पाणी उतरलं, भिंती वाळल्या, आणि मग उत्तरेकडची भिंत हळूहळू पोट काढू लागली. आत्याबाईची खाट नेमकी तिलाच टेकून.

"आत्याबाई, सरका तिकडून. पडन एखाद्या दिवशी अंगावर," मी म्हणायची.

"पडली तं पडली. माह्यापरीस जुनी हाये ते. कोनावर पडाचं तिले समजते."

अशी ती. तिच्याशी बोलून कोण जिंकणार! घर नवं बांधायचं हे तिनं शेवटी कबूल केलं, पण स्वतःच्या जिवासाठी नाही, महालक्ष्म्यांसाठी. त्या दरवर्षी त्याच उत्तरेच्या भिंतीशी बसायच्या, आणि तिला म्हणे झोप लागेना, की आपल्या अंगावर पडली तर ठीक, त्यांच्या अंगावर पडली तर काय.

महालक्ष्म्या म्हणजे बाकी महाराष्ट्रात ज्यांना गौरी म्हणतात त्या. भाद्रपदात तीन दिवस येतात. दोघी बहिणी. पितळेचे मुखवटे, खाली पत्र्याच्या कोठ्या, त्यांना नवी पातळं नेसवायची, दागिने घालायचे, माहेरी आलेल्या लेकींसारखं जेवू घालायचं आणि तिसऱ्या दिवशी बोळवायचं. आमच्या घरचे याबाबतचे नियम कडक. त्या स्वतःच्या घरातच बसल्या पाहिजेत, भाड्याच्या खोलीत नाही. एक वर्ष खंड पडला तर पुन्हा बसवता येत नाहीत, त्याच दिवशी घरात लेकरू जन्मलं किंवा गाय व्याली तरच. आणि एका भावाकडून दुसऱ्या भावाकडे नेल्या, तर त्या तिथल्याच झाल्या. परत आणायच्या नाहीत. हे कोणी लिहून ठेवलं, असं मी एकदा विचारलं होतं. आत्याबाई म्हणाली, "लिहून असतं तं तू वाचून त्यातबी खोट काढली असती."

माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, भंडाऱ्याजवळ शहापूरला राहतात. हायवेजवळ पक्कं घर, खाली टाइल्स, वर पाण्याची टाकी. दरवर्षी जेवायला येत आणि हात धुता धुता म्हणत, "माय, आता महालक्ष्म्या माझ्याकडं दे. तूबी चाल. कुठवर या मातीत राहाचं?" आत्याबाई पाठ करून सांगायची, "त्या गेल्या तं मंग मी या घरात कायले राहू?" भासरे हसायचे. मला हसू यायचं नाही, कारण ती थट्टा करत नाही हे मला माहीत होतं.

तर गोष्ट एवढीच होती. भाद्रपदाच्या आत एक खोली उभी करायची. चार भिंती, वर पत्रे चालतील, पण आपल्या जागेवर. बाकीचं घर सावकाश.

शेजारीपाजारी म्हणाले, बांधून टाका, कोण विचारते. पण नवरा भित्रा, आणि मी शहाणी. बारावी झालेली ना! मी म्हटलं, रीतसर परवानगी काढू. पुढे बँकेकडे जायचं झालं तर कागद लागतील, उद्या कोणी तक्रार केली तर कागद लागतील. एसटी स्टँडजवळ नकाशे काढून देणाऱ्या एका इंजिनिअरचं दुकान आहे. त्यांनी जागेची आखीव पत्रिका मागितली, कराच्या पावत्या मागितल्या, नकाशा काढला आणि कॉम्प्युटरवर अर्ज टाकला. "आता सगळं ऑनलाइन आहे, ताई. ऑफिसात जायचं तुम्हाला कामच नाही," म्हणाले. पुढे त्या ऑफिसच्या पायऱ्यांवर मी किती वेळा बसले ते त्यांनी येऊन पाहायला हवं होतं.

मग मोबाइलवर मेसेज आला. अमुक दिवशी स्थळ पाहणी. तारीख अक्षय तृतीयेनंतर थोड्याच दिवसांची होती. मेसेजमध्ये एवढंच. काय पाहणार, कशासाठी पाहणार, एक शब्द नाही. मी इंजिनिअरांना फोन केला, तर म्हणाले, "साहेब येतील, जागा पाहतील, रिपोर्ट टाकतील. तुम्ही फक्त हजर राहा." मी घरी येऊन आत्याबाईला तेच सांगितलं. साहेब येणार, जागा पाहणार.

"मंग असं पोट काढलेलं घर दाखवाचं का साहेबाले?" ती म्हणाली. "काय म्हनन तो? हे बाया अशा पडक्यात राहातेत म्हनन. अन् घर पाडाचंच हाये, तं अक्षय तृतीयेपरीस चांगला दिवस कोनता?"

आणि खरं सांगते, मला ते पटलं. नवऱ्याला पटलं. मजूर तेव्हाच मोकळे होते, पुढे धानाची कामं सुरू झाली की कोणी मिळत नाही. पोरगी दाखवायची असली तर तिचे केस विंचरून, पदर सारखा करूनच बाहेर आणतो ना आपण? तसंच वाटलं. जागा साहेबाला दाखवायची तर मोकळी, सपाट, नीट दिसली पाहिजे. आम्हा तिघांत एकाच्याही डोक्यात आलं नाही, की साहेब ते पडकं घरच पाहायला येणार आहे.

वरच्या आळीत भाड्यानं खोली घेतली आणि सामान हलवलं. अक्षय तृतीयेला सकाळी पूजा झाली. पहिलं कवेलू आत्याबाईनं काढलं. शिडीवर चढायचं वय नव्हतं, म्हणून ओसरीच्या खालच्या कडेचं, हात पुरेल असं काढलं. ते छातीशी धरून ती बराच वेळ उभी राहिली. मग मजुराला म्हणाली, "हळू पाडजा रे बाप्पा, तिनं लय संभाळलं आमाले." मजूर बिचारा हळू कसं पाडणार! त्यानं घण घातला आणि ती पोट काढलेली भिंत एका दणक्यात बसली.

पुढचे दिवस आम्ही दोघी राबलो. कवेलू एकाला बकऱ्यांच्या गोठ्यासाठी दिले. लाकडं उचलून नेली. माती, विटा, सगळा मलबा गल्लीतल्या खड्ड्यांत भरला. गल्लीवाले खूश झाले. आत्याबाई मागे मागे झाडू घेऊन. एक खडा दिसला तरी उचलून टाके. पाहणीच्या दिवशी तिनं शेण आणवलं, आणि आम्ही ती सगळी जागा, जिथे ओसरी होती, माजघर होतं, चूल होती, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारवली. फाटकाजवळ तिनं रांगोळी काढली. शेजारून प्लास्टिकची खुर्ची आणली. चहाचं आधण ठेवलं.

साहेब तरुण होता, पुण्याकडचा असावा. मोटरसायकल लावून आला आणि फाटकाशीच थबकला. रांगोळी पाहिली, सारवण पाहिलं, आणि बूट काढले. मोजे पण काढले. अनवाणी आत आला. हातात आमच्या नकाशाचा कागद, तो कागदाकडे पाहे, जागेकडे पाहे.

"ताई, घर कुठंय?"

"पाडलं ना साहेब," मी हसत म्हटलं. "तुमच्यासाठी साफ करून ठेवली जागा."

आत्याबाईला वाटलं तो खूश आहे. "चालून पाहा साहेब. खडा नाही ठेवला एक."

तो चालला नाही. खुर्चीवर पण बसला नाही. कपाळाला हात लावून उभा राहिला, आणि मग मला बाजूला घेऊन सांगू लागला. ही सगळी वस्ती पुराच्या निळ्या रेषेच्या आत आहे. निळी रेषा म्हणजे पुराचं पाणी जिथवर येत राहतं ती हद्द. तिच्या आत नव्या बांधकामाला परवानगी मिळत नाही. घर उभं असेल तर आहे त्या मापात ते धड करायला, दुरुस्ती म्हणून, शिफारस करता येते. "मी तेच मोजायला आलो होतो. इथं आता माझ्यासमोर रिकामा प्लॉट आहे. मी काय लिहू? एक भिंत जरी ठेवली असती ना तुम्ही..."

"पण घर होतं साहेब!"

"होतं हो. मला दिसतंय ना, होतं."

काय दिसत होतं त्याला? सारवण दिसत होतं. आत्याबाई चहा घेऊन आली, त्यानं उभ्यानंच घेतला, तिच्या पाया पडला आणि बूट हातात घेऊन फाटकाबाहेर गेला. तो उर्मट असता तर बरं झालं असतं. मला चार शिव्या तरी देता आल्या असत्या.

मी तिथून तडक स्टँडजवळच्या दुकानात. "तुम्ही सांगितलं काहून नाही, की घर पाडू नका?"

"मी पाडा म्हटलं होतं का, ताई?"

"पण पाडू नका म्हटलं होतं का?"

"आता असं कोण करते, पाहणीच्या आधी?"

कोण करते! आम्ही करतो. घरी कोणी यायचं असलं की आम्ही आधी घर साफ करतो, हे त्यांना माहीत नव्हतं का? ते काय लंडनहून आले होते? दुकानात लोक बसले होते, त्यांच्यासमोर मी वाट्टेल ते बोलले. ते मान खाली घालून कॉम्प्युटरमध्ये पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, घर होतं हे दाखवता आलं तर पाहू.

तेव्हापासून माझं ते काम झालं. जे घर सगळ्या गावानं पाहिलं होतं, ते होतं असं दाखवणं. कराच्या पावत्या ऑफिसात नेल्या. बाबू म्हणाले, कर भरला म्हणजे बांधकाम मंजूर होतं असं नाही. जुनी परवानगी आणा. जुनी परवानगी! आजेसासऱ्यांनी घर बांधलं तेव्हा परवानगी फक्त ग्रामदेवतेची घेत. मग म्हणाले, फोटो आणा. मी आणि आत्याबाईनं ट्रंक उपसली. फोटो पुष्कळ होते. सगळे महालक्ष्म्यांचे. प्रत्येक फोटोत त्या दोघी मधोमध, मागे जरीचे पडदे, लाइटिंगच्या माळा, केळीचे खांब, समोर फराळाची ताटं. घराची एक भिंत कुठे उघडी दिसेना. आम्हीच झाकून टाकलेली, दरवर्षी, हौसेनं. मी ते सगळे ऑफिसात टेबलावर मांडले. बाबूंनी आधी हात जोडून नमस्कार केला, मग एक एक उलटून पाहिला आणि म्हणाले, "ताई, देवी छान आहे. पण यात घर नाही."

मग शेजाऱ्यांचा जबाब. उजव्या अंगाची काकू, जी दरवर्षी आमच्याकडे पहिल्या पंगतीला जेवायची, तिच्याकडे गेले. तिनं मला आत बोलावून दार लोटलं. "सही मी करीन बाई, पन ते पाहाले आले तं माह्या घराचं काय?" तिनं बोटानं दाखवलं. पुढची भिंत मातीची, तीच जुनी. आत मागच्या दोन भिंती सिमेंटच्या. दरवर्षी एक, ताडपत्रीच्या आडून, गुपचूप. मी गल्लीत घरोघर फिरले, घरोघर तेच. बाहेरून पडकं, आतून नवं. सगळी वस्ती अशीच चोरून धड झाली होती, आणि कायद्यानं जायला निघालो ते आम्ही एकटे. कोणाकडे सहीसाठी हट्ट धरायची मग मला लाज वाटू लागली.

शेवटचं म्हणून भंडाऱ्याला गेले. ज्या ऑफिसात नदीच्या रेषा आखतात तिथे. एक वयस्क साहेब होते, त्यांनी बसवलं, पाणी दिलं, कॉम्प्युटरवर नकाशा उघडला. नदी, मग निळी रेघ, रेघेच्या आत आमची वस्ती. वरून विमानातून काढावा तसा फोटो होता तो. त्यांनी तो मोठा करत करत आमच्या गल्लीवर आणला आणि माझ्या तोंडून किंचाळीच निघाली. आमचं छप्पर! लाल कवेलू, त्यांच्यावरचं काळं शेवाळ, मागे शेवग्याचं झाड. घर उभं होतं!

"पाहा साहेब, पाहा! हाये की नाही घर?"

"हा फोटो जुना आहे, बाई," ते म्हणाले. "आजची जागा रिकामी आहे. मला आजच्या जागेवर बोलावं लागते."

ते चुकीचं बोलत नव्हते. पण मला त्या खुर्चीतून उठवेना. मी मोबाइलनं त्या पडद्याचा फोटो काढला, रडत रडतच काढला. एक प्रत आमच्या तरुण साहेबाला दिली. त्यानं कागदांना जोडून वर पाठवली, त्याला जमलं ते त्यानं केलं. घरी आत्याबाईला मोबाइल दाखवला. तिनं तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"आपलं छप्पर असं दिसे का वरून?" ती म्हणाली. "कोनी पाह्यलंच नव्हतं कधी."

पाऊस लागला. आमची भाड्याची खोली तशी कोरडी होती, पण आत्याबाईचा तिथे जीव लागेना. ती संध्याकाळी छत्री घेऊन खाली आपल्या जागेवर जाऊन यायची. काय करायची तिथे, तर गवत उपटायची. मी ओरडायची, की आता उगू द्या, साहेब काही येत नाही पाहायला. ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची. श्रावणात उत्तर आलं. नाकारलं. कारणात एक ओळ होती, तिचा अर्थ एवढाच, की पूररेषेच्या आत नवीन बांधकाम करता येत नाही. नवीन! मला त्या शब्दाचा इतका संताप आला की मी कागद भिंतीवर फेकून मारला.

पोळा झाला. महालक्ष्म्या तोंडावर आल्या. नवरा म्हणाला, आपल्या जागेवर चार बांबू गाडू, वर ताडपत्री टाकू, त्याला तर परवानगी लागत नाही. आपल्या जमिनीवर बसल्या म्हणजे झालं. आत्याबाईनं विचार केला आणि हो म्हटलं. मला इतका आनंद झाला, की मी त्याच दिवशी मुखवटे चिंचेनं घासून लखलखीत केले. बांबू आले. ताडपत्री आली. आणि मग वर कुठेतरी धो धो पाऊस पडला, खालच्या धरणाचं पाणी मागे फुगलं, आणि नदी वस्तीत चढली. फार नाही. आमच्या जागेवर घोट्याएवढं पाणी. पण पाणीच ना! गढूळ, हलत नाही, वर काडीकचरा. ज्या रेघेला मी उन्हाळाभर शिव्या घातल्या, तिनं खरं करून दाखवलं. आम्ही तिघं फाटकाशी उभे राहून पाहत होतो. त्या वेळी मला पहिल्यांदा वाटलं, की आपण हरलो.

एक वर्ष खंड पाडायचा, की भासऱ्यांकडे न्यायच्या? आत्याबाईनं कोणाला विचारलं नाही. "लेकी माहेरी येतेत, उपाशी कशा ठेवू त्याइले?" म्हणाली, आणि मलाच भासऱ्यांना फोन लावायला सांगितला. दुसऱ्या दिवशी ते छोटा हत्ती टेम्पो घेऊन आले. कोठ्या, मुखवटे, पातळांची पेटी, आंबिलीचा मोठा गंज, म्हणजे पातेलं, सगळं चढवलं. मी त्यांच्या तोंडावर कुठे जिंकल्याची खूण दिसते का ते पाहत होते. दिसली नाही. ते पण रडवेले झाले होते.

शहापूरला सगळं नीट झालं. जावेनं मनापासून केलं. मी खोट काढायला टपलेली, पण आंबील जरा पातळ झाली याशिवाय मला काही सापडलं नाही. पांढऱ्या टाइल्सवर हळदीकुंकवाची पावलं उठून दिसत होती. आत्याबाई भिंतीला टेकून बसली होती, काही सांगितलं नाही, कोणाला टोकलं नाही. जी बाई माझ्या पुरणाचा एक एक गोळा तपासायची, ती गप्प. तिसऱ्या दिवशी बोळवण झाली, मुखवटे कापडात गुंडाळले, आणि जावेनं आपल्या कपाटात ठेवले. नवरा सकाळीच मिलला गेला होता. मी आमची पिशवी भरली, आत्याबाईचं लुगडं घडी करून तिच्यात ठेवलं. तिनं ते बाहेर काढलं.

"तू जा," म्हणाली.

"अन् तुम्ही?"

"मी राहीन आता इथंच."

मला वाटलं दोन-चार दिवस म्हणते. पण तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि समजलं. "काहून पण? माहं काय चुकलं, आत्याबाई? आपण पुन्हा अर्ज करू. त्या साहेबानं सांगितलं, वर अपील होते म्हणून."

"तुहं नाही चुकलं. तू लय फिरली माय, माह्या पोराइनं नाही केलं येवढं केलं. पन आता घर कोनासाठी बांधाचं? लगीन होऊन आली तवापासून मी त्याइच्यासंगं हावो. त्या इथं अन् मी तिथं, मले नाही जमत."

"आणि मी? मी कोणासंगं राहू?"

हे मी मोठ्यानं विचारलं, जावेसमोर, भासऱ्यांसमोर. लाज गेली होती. आत्याबाईनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "तुले नवरा हाये ना," म्हणाली. तो आठवड्यातून एकदा येतो हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं! मी तिचा हात झटकून दिला आणि पिशवी उचलून स्टॉपवर आले. बसमध्ये भंडाऱ्यापर्यंत रडत आले, आणि कंडक्टरनं काय झालं विचारलं तर त्याच्यावर पण खेकसले.

अपील मी केलं नाही. जागा तशीच आहे, आता तिथे कमरेएवढं गवत आहे. मी वरच्या आळीतल्या खोलीत मशीन चालवते. दुपारी चहा करताना अजून कधी कधी दोन कप पाणी पडतं, मग मी ते सगळं स्वतःच पिते आणि पित्त होतं. फोन करते, ती घेते, पण फोनवर तिला बोलता येत नाही. "हाव, हाव, ठेव आता," एवढंच.

पुढच्या भाद्रपदात मी शहापूरला गेले. सकाळपासून राबले, सोळा भाज्या मीच चिरल्या. आत्याबाई महालक्ष्म्यांजवळ पाटावर बसली होती, चेहरा उजळलेला, जावेला सांगत होती, आंबील घट्ट कर, पदर नीट लाव. टोकणं परत आलं होतं. माझ्याशी बोलली, प्रेमानं बोलली, पण मध्येच कोणी बाई दर्शनाला आली की तिकडे वळे. प्रत्येक बाईच्या ओटीत प्रसाद घालून, दारापर्यंत जाऊन, पुढच्या वर्षी यायचं आमंत्रण देऊनच तिला सोडायची. आमच्या घरी पण ती तसंच करत असे, सगळ्या गल्लीतल्या बायांना. संध्याकाळी माझी शेवटची बस होती. मी पिशवी घेतली. ती उठली, माझ्या ओटीत नारळ घातला, पुरणपोळ्यांचा डबा दिला आणि माझ्यासोबत दारापर्यंत आली.

"येजो हो माय, पुढच्या वर्षी," म्हणाली.

मी हाव म्हटलं, आणि बायांच्या चपलांच्या गर्दीत माझ्या चपला शोधू लागले.